बाबांची अनवाणी वाट

आमच्या चालणाऱ्यांच्या गटात बाबांना मी तीन वर्षं नेलं नाही. मी त्यांच्या वयाचं निमित्त सांगत होते, पण ते खरं कारण नव्हतं. गट दादर-गिरगावातल्या निवृत्त मंडळींचा. कोणी डॉक्टर, कोणी वकील, एक बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या. महिन्यातून एका रविवारी दादरहून छोटी बस करून आम्ही शहराच्या उत्तर टोकाच्या राखीव जंगलात जातो आणि तिथल्या सोप्या वाटांवर दोन-तीन तास चालतो. चढ जवळजवळ नाहीच, वाट रुंद, गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही झेपेल अशी. मी विमा कचेरीत कारकून. पण नावांची यादी, बस, नाश्त्याचे डबे बघता बघता त्या सगळ्या शिकल्यासवरल्या लोकांची मी 'लीडर' झाले होते, आणि ते मला फार आवडत होतं. बाबा म्हणजे गिरणीत साचे चालवलेले, अजून लालबागच्या चाळीत राहणारे, मालवणीत आणि तेही मोठ्यांदा बोलणारे. मला त्यांची लाज वाटत होती. झालं, लिहिलं एकदाचं.

बाबा मात्र प्रत्येक खेपेनंतर फोटो मागायचे. चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल डोळ्यांशी धरायचे आणि हा बेहडा, हा कुंभा, हा कळंब अशी नावं घेत सुटायचे. त्यांच्या गावाला देवाची राई आहे, तिच्या सावलीत त्यांचं लहानपण गेलं. 'एकदा बघूक होया' असं ते भिंतीकडे बघून म्हणायचे, मला कधी थेट म्हणाले नाहीत.

फेब्रुवारीत ऐनवेळी एकांचं रद्द झालं आणि बसमध्ये जागा रिकामी राहिली. आई म्हणाली, मग यांना ने की. नाही म्हणायला काही सुचेना. आईने एकच बजावलं, पायातली चप्पल काढू देऊ नकोस. बाबांना साखरेचा त्रास जुना. पायांना टोचलेलं-भाजलेलं कळेनासं झालं होतं, आणि घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. घरात चपला म्हणजे आईच्या जिवावर यायचं. तरी तिने घरातल्यासाठी वेगळा जोड आणला होता आणि पोलिसासारखी त्यांच्या पायांवर नजर ठेवून असायची.

त्या वाटेवर अर्ध्या तासाने जुनं जंगल लागतं. तिथली झाडं कधी तोडलेली नाहीत. बेहड्याचं खोड तिघांच्या कवेत येणार नाही एवढं, वर गारंबीच्या वेली दोरखंडासारख्या पिळलेल्या, आणि भर सकाळी सांजवेळेसारखा उजेड. गट पुढे गेला. मी मागे वळून पाहिलं तर बाबा एका दगडाशी थांबून चपला काढत होते.

मी तरातरा गेले आणि चपला घाला म्हटलं.

"राईत चपला घालून जातत काय गो?" ते म्हणाले.

ही गावची राई नाही, सरकारी जंगल आहे, असं मी सांगणार तेवढ्यात मागे रेंगाळलेल्या वनस्पतिशास्त्रवाल्या बाई आल्या. त्यांनी कुतूहलाने विचारलं, बाबांनी सांगितलं. राई देवाची, तिथे कोयता न्यायचा नाही, पडलेली काटकीसुद्धा चुलीसाठी उचलायची नाही, आत शिरायचं ते अनवाणी. म्हणून तर झाडं उरली. त्यांचं मालवणी बाईंना अर्धवट कळत होतं, उरलेलं मी समजावून देत होते. बघता बघता पुढे गेलेला सगळा गट परत फिरून भोवती जमला. वकीलसाहेबांनी बूट काढले, मग एकेकाने काढले. कोणीतरी पालापाचोळ्यावरच्या बाबांच्या पावलांचा फोटो काढला. ज्या माणसाला मी तीन वर्षं लपवून ठेवलं, त्याच्यामुळे माझाच भाव वाढत होता. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

पाच मिनिटांत सगळ्यांनी बूट परत घातले. बाबांनी नाही. त्यांच्या चपला मीच उचलून माझ्या पिशवीत टाकल्या होत्या. पुढचा तासभर ते तसेच चालले, झाडांची नावं सांगत, बाई वहीत लिहून घेत. मला आईचं बोलणं आठवलं नाही असं नाही. दोनदा आठवलं. एकदा तर चपलेचा पट्टा हातात आला होता. पण आता मध्येच चपला दिल्या तर सगळी शोभा जाईल असं वाटलं, आणि मी पिशवीतून हात बाहेर काढला. घरी पोचल्यावर तो पावलांचा फोटो गटावर टाकून खाली दोन ओळी लिहिल्या. खूप कौतुक झालं. त्यांचे तळवे मात्र मी पाहिले नाहीत.

आईला डाग दिसला तो पुढच्या आठवड्यात, चादरीवर. डाव्या पायाच्या दोन बोटांखाली जखम होती, आत पू झाला होता, आणि बाबांना कशाचा पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, कुठे लागलं? मी फाइल घेऊन उभी होते. तोंड उघडणार तेवढ्यात बाबा म्हणाले, गॅलरीत काच लागली असेल, त्या दिवशी बरणी फुटली ना. बरणी खरंच फुटली होती, लोणच्याची, आईच्या हातून. आईचा चेहरा पांढरा पडला. मी मूग गिळून गप्प बसले.

आई औषधं आणायला गेल्यावर मी बाबांना विचारलं, असं का सांगितलंत?

"तुजा नाव कशाक घेव?" ते म्हणाले. "तुजा फिरणा बंद होयत."

दोन्ही बोटं काढावी लागली. रोज सकाळी लालबागहून भोईवाड्यापर्यंत पायी जाऊन येणारे बाबा आता काठी घेऊन संडासापर्यंत जातात. माझं फिरणं चालू राहिलं. माझ्यासाठी ते खोटं बोलले एवढंच मी मनात घोळवत राहिले, कारण त्यात मला रडायला सोपं जात होतं. ते खोटं कोणाच्या डोक्यावर पडलं याच्याकडे बघितलंच नाही.

आईने घरातली काचेची भांडी वाटून टाकली. भजनाला जाणं सोडलं. शेजारणींना स्वतःहून सांगायची, माझ्या हातनं झालं, आणि त्याही मान डोलवायच्या. रोज गॅलरी झाडून झाल्यावर कणकेचा गोळा घेऊन बसायची आणि लाद्यांच्या फटींत दाबत जायची. काचेचा बारीक कण असेल तर कणकेला चिकटतो. फुटल्या दिवशी सगळ्याच बायका हे करतात. आई सात महिने करत होती.

गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा ती तशीच उकिडवी बसलेली दिसली. माझ्याने बघवेना. तिच्याजवळ बसून मी सगळं सांगितलं. राई, चपला, पिशवी, हातात आलेला पट्टा, काहीही न गाळता. ती ऐकताना कणीक मळतच होती.

"तेंका म्हायत होता?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. मला माहीत होतं का, हे तिने विचारलंच नाही.

"मी रोज तेंचो पाय पुसतंय आणि माफी मागतंय," आई म्हणाली. "ते म्हणतत, जावंदे, केलंय तुका माफ."

मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिचा हात धरायला गेले, तर तिने तो कणकेचा आहे म्हणून बाजूला केला आणि आत गेली. थोड्या वेळाने नेहमीसारखं कोमट पाणी घेऊन बाबांसमोर बसली. पाय धुतला, बोटांच्या जागी हळूच फडकं फिरवलं, पावडर लावली. माफी मागितली नाही. बाबा वाट बघत राहिले. मोजा चढवून झाला, ती पाण्याचं घमेलं उचलून निघून गेली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.