तांबोळीकाकांसाठी आम्ही सगळे उपाशी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी स्वतःची शोभा सांगत असताना मध्ये कुणी खिदळलेलं मला चालणार नाही!

वारज्याला आमचं लिफ्टदुरुस्तीचं ऑफिस. माणसं सहा, त्यात मी साहेब. रमजानच्या तोंडावर मला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला धाडलं होतं. विषय काय, तर सर्वांना सामावून घेणारं नेतृत्व. जेवणात गुलाबजाम होते, त्यामुळे विषय मला फारच पटला.

रमजान सुरू झाला त्या सकाळी मी सगळ्यांना उभं केलं. "आपले तांबोळीकाका रोजे धरतात आणि आपण त्यांच्यासमोर डबे उघडतो? महिनाभर दहा ते सहा ऑफिसात खाणं बंद. मीसुद्धा उपाशी राहणार! त्यागात सगळे सहभागी!"

"चहा?" प्राजक्तानं विचारलं. तक्रारींचे फोन ती घेते, आणि माणसाला तक्रार केल्याचा पश्चात्ताप व्हावा असे घेते.

"चहासुद्धा बंद."

"वा. म्हणजे आता इथे नुसतं कामच करायचं."

तांबोळीकाका आमचे सगळ्यात जुने मिस्त्री, माझ्याहून वयानं कितीतरी मोठे. ते हळूच पुढे आले. "साहेब, जरा बोलायचं होतं…"

"काका, आभार मानायचे नाहीत!" मी त्यांचा हात घट्ट दाबला. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, तर मी त्यांना चक्क मिठी मारली आणि परत पाठवलं.

तिसऱ्या दिवशी मी दुपारी पाऊण तास त्यागावर बोललो. बोलून बोलून माझ्याच डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले. मग काय? "एक लिफ्ट बघून येतो," म्हणालो, कोपऱ्यावरून दोन बटाटेवडे घेतले आणि आमच्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या पंपामागे शिरलो.

तिथे आधीच कुणीतरी बसलं होतं. तांबोळीकाका! मांडीवर डबा, आणि चपाती तोडणारा हात थरथर कापतोय.

"काका? आणि रोजा?"

"अहो साहेब, डॉक्टरांनी यंदा नको म्हणून सांगितलंय. शुगर आहे. एकला जेवण आणि गोळी, चुकवायचं नाही. तेच सांगायला दोनदा आलो होतो. आज तुमचं भाषण लांबलं, आणि हे बघा काय झालंय हाताचं."

"अहो, मग वर सगळ्यांसमोर जेवायचं ना!"

"माझ्यापायी तुम्ही सगळे उपाशी. तुमच्यासमोर कुठल्या तोंडानं खाऊ?" काकांनी घास घेतला. "इतकी वर्षं रोजे धरले साहेब, दुसऱ्याचा डबा बघून माझा रोजा कधी मोडला नाही. एकदा विचारायचं तरी होतंत मला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांची नजर माझ्या हातातल्या पुडीवर गेली. ते थोडे सरकले आणि मला बसायला जागा केली. भूक इतकी वाईट, की मी बसलोसुद्धा!

तेवढ्यात प्राजक्ता स्कूटरच्या डिकीतलं काहीतरी न्यायला खाली आली. चेहरा भुकेनं उतरलेला. वर ती आणि बाकीचे तिघं इमानदारीत उपाशी, आणि इथे कोण जेवतंय? ज्यांच्यासाठी उपास ते, आणि ज्यानं लादला तो!

तिनं आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडातल्या वड्याकडे.

"सर, नेता नेहमी सगळ्यांच्या पुढे असतो म्हणतात, ते आज पटलं," ती म्हणाली. "जेवायलासुद्धा पहिला नंबर तुमचाच."