मार्लिसने उघडलेलं दार

मार्लिस टॉलेफसन दिवसभर गावोगावच्या गोठ्यांवरून दूध गोळा करणारा टँकर चालवायची आणि रविवारी दुपारी आम्हा पाचसहा जणांना आपल्या तळघरात बसवून ड्रॅगनशी लढवायची. नवरा व्हर्लिन वर फुटबॉल बघत बसायचा आणि कोणी फार ओरडलं की टाचेने जमिनीवर ठोकायचा.

हा खेळ सगळा तोंडी. पंच सांगणार समोर काय आहे, खेळाडू सांगणार आपण काय करतो, आणि अडलं की फासे. नियमांची जाडजूड पुस्तकं आहेत. ती मला पाठ आहेत आणि त्याची मला लाज वाटत नाही. लिहिलेलं आहे तेच चालावं असं माझं मत होतं आणि आहे. मार्लिसचं तसं नव्हतं. मी पान उघडून दाखवलं की ती चष्म्यावरून बघायची. "हार्लन, पुस्तक लिहिणारा इथे बसलाय का? नाही ना? मग मी बसलेय." असा संताप यायचा! तरी पुढच्या रविवारी मी चीजची पिशवी घेऊन तिच्या दारात हजर.

मिलवॉकीला अशा खेळांचा मेळा भरायचा, तिथे दर उन्हाळ्यात स्पर्धा व्हायची. तिथे मात्र माझं राज्य होतं. प्रत्येक टेबलावर तेच छापील साहस, म्हणजे खेळायची गोष्ट, तेच गुण, तोच वेळ. कागद पंचालाही ऐनवेळीच मिळणार आणि त्याने त्याबाहेर जायचं नाही. मार्लिसला तिथे अंतिम फेरी चालवायची होती. बाईमाणसाला अंतिम फेरी तोवर कोणी दिली नव्हती. मुख्य पंच वेंडेल प्रोख्नो या गृहस्थांनी तिला बजावून सांगितलं होतं, "शनिवारी कागदाप्रमाणे चाल, रविवारची खुर्ची तुझी." ती संपूर्ण वाटभर ट्रकमध्ये कागदाप्रमाणे चालण्याची शपथ घेत होती. म्हणजे शपथ तिची आणि ती वदवून घेत होतो मी.

शनिवारी तिच्या टेबलावर थॉर्प गावाकडची शेतकऱ्यांची पोरं आली. त्यांची म्होरकी लोइस व्हिएर्झबा, हातांना घट्टे पडलेली. मी मागे उभा राहून बघत होतो. साहसात एक दगडी दार होतं. कागदावर स्पष्ट लिहिलेलं: किल्ली, मंत्र किंवा राक्षसी ताकद, याखेरीज कशानेही उघडणार नाही. पोरांकडे यातलं एकही नव्हतं. गारठवणारी जादूची एक कांडी होती, एकदाच चालणारी, तीही आगीच्या भुताशी गाठ पडली तर म्हणून राखलेली.

"दाराला चीर आहे का?" लोइसने विचारलं.

मार्लिसने कागद पाहिला. "आहे. पाणी झिरपतंय."

"मग अजून पाणी ओतायचं आणि कांडी तिथेच वापरायची. गोठलं की फुटेल."

"दगड?" शेजारचा पोरगा हसला.

"तू दर वसंतात शेतातले दगड वेचतोस ना? ते कोण आणून ठेवतं वर, तुझी आजी? जमिनीतलं पाणी गोठलं की बर्फच वर ढकलतो ना! आमच्या गोठ्याचा पाया याच बर्फाने फोडलाय."

मार्लिस पुन्हा कागदावर वाकली. मी तिच्या मानेकडे बघत होतो, आणि मनातल्या मनात म्हणत होतो, नको बाई, नको. तिने कागद पालथा घातला.

"फुटलं," ती म्हणाली. "दार फुटलं. कांडी संपली."

पोरांनी जो गोंगाट केला त्याने वेंडेल धावत आला. त्याच्या मागोमाग दुसऱ्या टेबलावरचा संघही. त्यांचा चष्मेवाला म्होरक्या लालबुंद झाला होता. "आम्हीही बर्फच म्हणालो होतो! आमच्या पंचांनी नाही म्हटलं. कागदात नाही म्हणून. आम्ही तिथेच बसून वेळ घालवला."

हे मात्र मार्लिसला लागलं. तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला. नियम सगळ्या टेबलांना सारखा हवा, हा माझाच मुद्दा होता, आणि एरवी मी तो उड्या मारत मांडला असता.

वेंडेल तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मागे घे. चुकलं म्हण, दार बंद आहे म्हण. उद्याची खुर्ची अजून तुझीच आहे."

"त्या पोरीला काय सांगू? बर्फाने दगड फुटत नाही म्हणून?"

"सांग, कागदात नाही म्हणून."

"वेंडेल, तुमच्या घराच्या पायऱ्या दर हिवाळ्यात कशाने फुटतात हो?"

"तो प्रश्न नाहीये, मार्लिस!"

"माझ्यापुरता तोच आहे."

"मग पंचाचा बिल्ला ठेव."

तिने ठेवला. छातीवरून काढताना पिन बोटात गेली, तिने बोट चोखलं आणि साहसाचे कागदही नीट जुळवून त्याच्या हातात दिले. थॉर्पच्या पोरांचे गुण रद्द झाले, संघ बाद. अंतिम फेरी दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. मला अजून वाटतं की वेंडेल नियमाने बरोबर होता. आणि तरी त्या क्षणी मला राग आला तो वेंडेलचाच.

मार्लिस रडेल असं मला वाटलं. ती सरळ बाहेर व्हरांड्यात गेली आणि कॉफीचं लांब टेबल एका बाजूने उचलू लागली. "लोइस, तुम्ही या, खेळ इथे पुढे चालवू. आणि ए चष्मेवाल्या, तुम्हीपण. तुम्हीही बरोबरच म्हणाला होतात."

"बाई, गुण मिळतील?" त्याने विचारलं.

"एकही नाही."

तो जरा घुटमळला, मग टेबलाचं दुसरं टोक उचलायला गेला.

"दोन संघ एका टेबलावर बसवता येत नाहीत," मी म्हणालो. सवय, दुसरं काय!

"हार्लन, खुर्च्या आण."

मी आणल्या. स्वतःसाठीही एक आणली. सगळे दाटीवाटीने बसल्यावर लोइसला अचानक आठवलं. "पण बाई, कागद तर त्यांनी घेतले. दाराच्या आत काय आहे ते तुम्हाला तरी कुठे माहीत आहे?"

"नाही माहीत," मार्लिस म्हणाली आणि फासे तिच्या पुढ्यात सरकवले. "तुम्ही आधी आत तर शिरा."