दारू सोडली, ख्रिश्चन झाला!

गाडीच्या सीटखाली शेंगांची टरफलं जमतात तसे हे किस्से माझ्याकडे जमतात. झाडून काढा, पुढच्या फेरीला पुन्हा तेवढेच! मी शालिनी, कंडक्टर. गाव साखरखेर्डा, जन्माने ख्रिश्चन. या दोन गोष्टी एकाच बाईच्या कशा असतात, हे आमच्या डेपोत अजून कोणाला पटलेलं नाही.

*

नवीन आलेला एक ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तुमी ख्रिश्चन? वाटत नाही! नाव तं आपलंच हाय."

"आपलं म्हणजे कोणाचं?"

बिचारा चहा गार होईपर्यंत विचार करत बसला.

*

दिवाळीला सगळ्यांना रजा हवी असते. "बाई, तुमी करा ना ड्युटी, तुमचा कुठं सण हाय?" बरं, केली. नाताळला मी रजेचं नाव काढावं, तर शाळांना सुट्ट्या आणि शेगावला ही गर्दी! "बाई, पुढच्या साली घ्या." हे दरसाल.

गेल्या नाताळला प्रार्थना चुकवून मी गाडीभर भक्तांना महाराजांच्या दर्शनाला पोचवलं. संध्याकाळी डेपोत सगळ्यांचा एकच प्रश्न, "केक कुठं हाय?" मी डबा उघडला. करंज्या होत्या. "हे तं आमचं फराळाचं हाय!" म्हणाले, आणि आमचंच म्हणून सगळ्या फस्त केल्या!

*

दारात लटकणाऱ्या एका पॅसेंजरला मी आत सरकायला सांगितलं. त्याने माझी नेमप्लेट वाचली. बापाचं नाव सॅम्युअल. "इथं दादागिरी नाही चालणार, जा आपल्या इंग्लंडले!" मी आजवर अकोल्याच्या पुढे गेलेली नाही!

आमचे मेकॅनिक रफीकभाई म्हणाले, "तुमचं बरं हाय बाई. मले पाकिस्तानात धाडतात, तिथं बी ऊनच! तुमाले निदान थंड हवेत तं पाठवतात." सगळे हसले. मीही हसले. राग मात्र घरापर्यंत सोबत आला.

*

आता पुंजाजी. माझ्या गाडीचे ड्रायव्हर. लिव्हर बिघडलं, डॉक्टरने दम भरला, तेव्हा त्यांनी शेगावला महाराजांपुढे शपथ घेतली आणि दारू सोडली. डेपोतल्या पार्टीत त्यांनी ग्लास परत केला, तर कोणीतरी ओरडलं, "काऊन बे पुंजा, ख्रिश्चन झाला काय?" प्रार्थनेला जाऊन दारू सोडलेले दोन-चार जण आमच्या भागात प्रत्येक गावात असतात, त्यावरून.

झालं! बाईसोबत ड्युटी, दारू बंद, शिव्याही कमी. मग बाईनेच बाटवला! माझा सख्खा काका रोज पितो, त्याला कधी कोणी हिंदू झाला म्हणालं नाही!

मस्करी गावात पोचली आणि पुंजाजींच्या मुलीची ठरलेली सोयरीक अडली. मुलाकडचे फोन उचलेनात. मुलगी बापाशी बोलेना. "बाई," पुंजाजी म्हणायचे, "पोरीचं कसं होईन?" मला डेपोतल्या एकेकाला धरून जाब विचारावासा वाटत होता.

*

शेवटी मुलाचा बापच चौकशीला स्टँडवर आला. गाडी सुटायची वेळ. पुंजाजी आपल्या सीटवर, मान खाली घालून. त्याने खाली मलाच गाठलं.

"खरं सांगा ताई, आमचे व्याही ख्रिश्चन झाले काय?"

"नाही. ख्रिश्चन मी आहे. ते दर गुरुवारी महाराजांचा उपास करतात."

"मंग दारू कशी सुटली?"

"सोडली म्हणून सुटली!"

त्याचा काही विश्वास बसेना. इकडेतिकडे बघून तो जवळ सरकला.

"ताई, तुमचं काई असन तं सांगा. आमचा पोरगा सकाळपासूनच पिते. लग्नाच्या आधी त्याले बी थोडंसं ख्रिश्चन करता काय?"

ड्रायव्हरची खिडकी उघडी होती. इंजिन सुरू झालं.

"बाई," पुंजाजी आतून म्हणाले, "डबल बेल द्या."

मी पायरीवर चढले आणि दिली.