जावेच्या वाट्याचं पाणी

भुईमुगाला पाणी देताना भीती वाटते, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण यंदा पाइपाचा कॉक फिरवताना मी रोज भ्यायची. खोटं कशाला बोलू!

आमचं रान चौसाळ्याच्या अलीकडं, माळाच्या उतारावर. दोघा भावांत विहीर एक. वरचा मुरमाड तुकडा आमचा, खालचा काळा दिराचा. पाण्याची पाळी दोघांना सारखी, ही सासऱ्यांनी घालून दिलेली रीत. जितका वेळ आमचे फवारे फिरणार तितकाच वेळ त्यांचे, म्हणजे भांडण नको. मागच्या उन्हाळ्यात आम्ही ही रीत इमानेइतबारे पाळली. काळ्या रानात पाणी साचून भुईमुगाची खोडं कुजली, आणि मुरमाडात ओल टिकलीच नाही म्हणून आमच्या शेंगा पोचट निघाल्या. वाटणी एकदम बरोबर, आणि पोती दोन्ही घरची रिकामी!

यंदा दीर-जाऊ ऊसतोडीला गेले, त्यांच्या रानातली पेरणीही आम्हीच केली. तेव्हाच मी ठरवलं, पाणी माणसाकडं बघून नाही, मातीकडं बघून द्यायचं. मुरमाडाला थोडं थोडं पण वरचेवर, काळ्याला उशिरानं. दिराला फोन करून सगळं सांगितलं. तिकडं ट्रॅक्टर चालू होता. त्या आवाजातच तो म्हणाला, "मोठ्या तुमी, वहिनी. करा काय करायचं ते." आणि फोन ठेवला.

भांडला असता तर बरं झालं असतं. मीही चार शब्द ऐकवले असते, माझं तोंड काही कमी नाही. पण त्या बोलण्यानं सगळा भार माझ्यावरच पडला. त्यात आमच्या ह्यांनी भर घातली. "त्याचं वाळलं तर लोक म्हणतील भावाचं पाणी चोरलं. गावात तोंड कसं दाखवू मी?"

"मग तुमी फिरवा कॉक," मी म्हणाले. तर हे तंबाखू मळत बसले.

पुढं आऱ्या सुटल्या. फुलं गळाल्यावर झाडातून या सुया खाली निघतात आणि मातीत शिरल्या तरच शेंग धरते. त्या शिराव्यात म्हणून आम्ही पिकावरून रिकामा ड्रम लोळवतो. मुरमाडात ड्रम गुमान फिरला. काळ्या रानात मात्र वरची माती कडक झालेली, ड्रम खडखडायला लागला. वाटलं, मेले मी, आता एक शेंग धरत नाही. तसाच ड्रम थांबवला, फवारे लावून वरची माती तेवढी भिजवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लोळवला.

बांधावरून जाताना शेजारी म्हणालाच, "काय वं, धाकल्याच्या रानाला उपास हाय का?"

"तुमच्या जिभेला असता तर बरं झालं असतं," मी म्हणाले. तो हसत गेला.

रोज सकाळी काळ्या रानात खुरप्यानं उकरून बघायची. चार बोटं खाली माती गार लागायची, मुठीत दाबली की लाडू व्हायचा. तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा. दुपारी उन्हानं पानं मिटून रान तहानल्यागत दिसलं की पुन्हा तोच घोर. जावेचा फोन वाजला तरी उचलायची भीती वाटायची.

पाडवा झाल्यावर ती दोघं आली. दीर बिऱ्हाड घेऊन घराकडं गेला, जाऊ सडकेवरच उतरली आणि तडक रानात. तेही ऐन दुपारी, पानं मिटलेली असताना! मी धावतच गेले. "अगं, पाणी तर पी आधी."

"मग पिते, अक्का."

माझ्याकडं न बघता ती तिच्या रानात उकिडवी बसली. बोटांनी माती उकरली, दाबून बघितली, मग एक झाड उपटलं. शेंगा लगडलेल्या. एकदाचं मला हायसं वाटलं. ती मात्र थांबली नाही. चढ चढून आमच्या मुरमाडात गेली, तिथंही उकरलं. माती भुरभुरीत, कोरडी. मग कॉकपाशी येऊन तिनं आमच्या रानाकडं पाणी सोडलं.

"अगं, आज लई दिसांनी पाळी तुमची आली हाय," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. आमच्यात ओल हाय." फवाऱ्यांकडं बघत ती म्हणाली, "तिकडं मोळ्या बांधताना रोज भ्याव वाटायचं, अक्का. रान वाळंल म्हणून न्हाई. रान काय, फिरून पेरता येतं. पण तुमी पाण्याचं खोटं बोलत असताल, तर मी माघारी यायचं कुणाकडं?"

मी तिथंच बांधावर बसले आणि मोठ्यानं रडले.