मी न केलेला चौकोन

भानामती, अंगात येणं, गेलेलं माणूस दिसणं... आमच्या भागात असले किस्से पैशाला पासरी. मी कधी मनावर घेतले नाहीत. परभणीत एका छोट्या ऑफिसात मी मोबाईलचे ॲप बनवतो. काही बिघडलं की चूक कोडमध्ये सापडते, एवढंच मला माहीत. तरी हे लिहितोय.

आमचं घर पेडगावात. माय शेळ्या राखायची. आमच्यात जनावरं मोजत नाहीत, नजर लागते म्हणतात. म्हणून मी तिला एक ॲप करून दिलं — प्रत्येक शेळीच्या फोटोचा एक चौकोन. संध्याकाळी शेळी आत आली की माय तिच्या फोटोवर बोट ठेवायची, चौकोन हिरवा व्हायचा; सकाळी सगळे पुन्हा कोरे. तिला चेहरे दिसायचे. कोडमध्ये मात्र चौकोन एकच, तोच सोळा वेळा मांडलेला. बोट कुठल्या चौकोनावर पडलं ते फक्त नंबरावरून कळतं. आणि आम्ही कोडवाले शून्यापासून मोजतो, म्हणजे शून्य ते पंधरा.

गेल्या उन्हाळ्यात मायचा फोन आला. "चांदी आज-उद्या व्यायला झालीय रं. तिच्या करडासाठी एक चौकोन वाढव की."

"रविवारी करतो, माय."

"तुझा रविवार कवा यायचा बाबा," म्हणून ती हसली.

शुक्रवारी दुपारी माय माळावर बसल्या जागी गेली. शेजाऱ्यांनी तिला घरी आणलं, घाईघाईत शेळ्याही हाकत आणल्या. मी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. अंगणात रडारड चाललेली. मला काहीच होईना. हातांना काहीतरी काम हवं म्हणून देवळीत चार्जिंगला लावलेला तिचा मोबाईल घेतला, ॲप उघडलं... सोळाही चौकोन हिरवे.

दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, मोबाईल चालवता येत नाही. कुठल्या नंबरावर बोट पडलं त्याची आजची नोंद मी उघडली. सात, तीन, अकरा... शेळ्या आत शिरल्या त्या क्रमानं असावेत. लागला असेल कुणा लेकराचा हात. पण सगळ्यात खाली आणखी एक ओळ होती — सोळा.

शून्यापासून मोजलं तर सोळा नंबर म्हणजे सतरावा चौकोन, आणि तो मी केलेलाच नव्हता. स्क्रीनवर जे नाही त्यावर बोट पडणार कसं?

मी दादांजवळ जाऊन बसलो. "दादा, चांदी व्याली का?"

त्यांनी शेळ्यांकडं बघितलं. "पोट बसलंय तिचं. माळावरच व्यालीय. जा, उजेड हाय तवर जा. कुत्री ठिवायची न्हाईत."

माय जिथं गेली त्या बाभळीपासून दहा पावलांवर, झुडपात करडू पडलं होतं. अंग अजून ओलं. जिवंत. मी ते शर्टात गुंडाळून आणलं, चांदीला लावलं, आणि मग मायच्या तयारीला लागलो.

कोड नंतर ओळ न् ओळ तपासला. ऑफिसातल्या दोघांनीही तपासला. सोळा नंबर कुठून आला, कुणालाच सांगता आलं नाही. मला अजूनही सांगता येत नाही. रडूही आलेलं नाही.

तो चौकोन मी केला. रविवारी, तिला कबूल केल्याप्रमाणे.