बापूंच्या घरातली माणसं

कतारच्या उत्तरेला मदिनत अश शमाल गावाच्या रस्त्यावर मैलभर चिटपाखरू नसतानाही वळायच्या आधी दिवा दाखवणारा माणूस मी एकच पाहिला. ते आमचे बापू. "अहो, कुणाला दाखवताय? वाळूला?" असं मी खिजवलं की ते आधी वळण पुरं करायचे आणि मग म्हणायचे, "सवय एकदा मोडली की खलास!"

बापू मूळचे कराडकडचे, पंप मेकॅनिक. मी नाशिकहून अठ्ठ्याहत्तर साली कतारला गेलो तेव्हा दोह्याच्या अल मुंतझा वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांत त्यांनी मला ठेवून घेतलं. मी चांगला अठ्ठावीस वर्षांचा घोडा, पण मला भात लावता येत नव्हता. बापू रोज चपात्या लाटायचे, सूक वाकिफच्या बाजारातनं आणलेल्या मिरच्यांचा ठेचा करायचे आणि मी दोनदा वाढून घेतल्याशिवाय मला ताटावरनं उठू द्यायचे नाहीत.

खोटं मात्र त्यांना जमायचंच नाही. आम्ही सगळे घरी 'मी मजेत आहे' असं लिहायचो. बापू लिहायचे, 'तीन दिवस ताप होता, कालपासून उतरलाय.' तिकडे वहिनी काळजीनं अर्ध्या व्हायच्या. मी एकदा म्हटलं, "अहो, तेवढं गाळा की!" तर म्हणाले, "आरं, मग बरा झालो त्ये तरी तिला खरं वाटंल का?"

आता माझ्याबद्दल. मी कंपनीची व्हॅन चालवायचो, म्हणजे चालवतो असा माझा समज होता. एकाच वर्षात मी एका टँकरच्या मागच्या अंगाला धडकलो आणि मग एक राउंडअबाउट सरळ पार करायला गेलो. मधल्या खजुराला काही झालं नाही, व्हॅन मात्र गेली.

बापूंनी त्याच सुमारास एक जुनी डॅटसन घेतली. शमालच्या पंपांचं काम त्यांना मिळणार होतं, पण स्वतःची गाडी असेल तरच. गाडीला विमा हवा, नाहीतर रजिस्ट्रेशन नाही, आणि काम दुसऱ्याला. म्हणून आम्ही दोघं विम्याच्या ऑफिसात गेलो. तिथला मंगळूरचा कारकून फॉर्म भरू लागला. "घर में और कौन गाडी चलाता है?"

"बडा भाई चलाता है, ट्रॅक्टर," बापू म्हणाले. "एक बार ओढे में पलटी किया था."

कारकुनाला हसू आवरेना. "गाव का घर नहीं बापूजी, इधर का!"

बापूंनी माझ्याकडे अंगठा केला. कारकुनानं पेन खाली ठेवलं. आमच्या कंपनीच्या गाड्यांचे कागद त्याच्याकडेच यायचे, माझे पराक्रम त्याला तोंडपाठ. घरातला माणूस आज ना उद्या किल्ली उचलतोच, असं हेड ऑफिस धरून चालतं, त्यामुळे माझं नाव असलं तर विमा नाकारतील, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "लिख दूँ, ये अलग रहता है?"

"पर रहता तो मेरे पासइच है," बापू म्हणाले, आणि अर्धवट फॉर्म घडी करून खिशात घातला.

मला फार लाज वाटली. ज्या माणसाचं इतके दिवस खाल्लं, त्याच्याच पोटावर मी पाय देत होतो. गुरुवारी बापू कामावर असताना मी ट्रंक भरली, 'आता खरंच वेगळा राहतो, तसं लिहा' अशी चिठ्ठी ठेवली आणि गावाबाहेर कंपनीच्या कॅम्पात एका मित्राकडे पथारी टाकली.

शुक्रवारी दुपारी बापू दारात हजर. हातात डबा.

"फॉर्म काल सकाळीच दिला," ते म्हणाले. "तुझं नाव लिवलंय. दोन्ही अपघातांसकट."

"अहो बापू, पण मी आता तिथं राहत नाही!"

"तेच म्हन्तोय मी. पाक खोटा पाडलास मला. उचल ट्रंक."

"आणि विमा नाही दिला तर? काम जाईल तुमचं!"

"जाईल तर जाईल. दुसरं बघू. तू आधी जेव, मग यल्ला, चल घरी."

मी जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

तीन आठवडे आम्ही जीव मुठीत धरून काढले. अखेर विमा मिळाला. अट एकच, दिगंबरनं, म्हणजे मी, त्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ती अट मी सात वर्षं सुखानं पाळली. बापूंना शमालचं काम मिळालं, आणि सुट्टीच्या दिवशी मीही त्यांच्या शेजारी बसून शमालपर्यंत फुकट फिरलो.

शहाऐंशीत बापू कायमचे गावी निघाले. विमानतळावर गाडी घ्यायला गिऱ्हाईक येणार होतं, तिथपर्यंत ती त्यांनीच चालवली. मी शेजारी बसून लहान पोरासारखा रडत होतो. बापूंनी मध्येच गाडी कडेला घेऊन थांबवली.

"गप ए दिगू," ते म्हणाले. "तुझ्यापायी मला रस्ता दिसंना झालाय, आन तुला चालवायला देता येत न्हाई."