साडूंचं हिमस्खलन

जगातल्या यच्चयावत बर्फाची काळजी एकाच माणसाने वाहायची असं कुठे ठरलं असेल, तर तो माणूस म्हणजे माझे साडू. बरं, राहायला कुठे? कॉव्हेंट्रीत. इथे वर्षाकाठी एखाद्या सकाळी मोटारीच्या काचेवर पिठीसाखर भुरभुरावी एवढा बर्फ पडतो आणि दहा वाजेपर्यंत त्याचा चिखल होतो. पण डॉक्टरांना विचाराल (साडू असले तरी मी त्यांना डॉक्टरच म्हणतो, माणसाने जन्मभर इथल्या हॉस्पिटलात पेशंटना भूल दिली आहे), तर आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या उताराच्या पायथ्याशी उभे आहोत आणि वरचा बर्फ केव्हाही सुटू शकतो.

याचं मूळ त्यांच्या मुलात. मुलगा मेडिकल अर्धवट सोडून कॅनडाला गेला आणि तिथे स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या मोटारसायकली, दुरुस्त करू लागला. त्यावरून बापलेकांत जे बिनसलं ते चार वर्षं तसंच राहिलं. मग या उन्हाळ्यात अचानक मुलाचा मेसेज आला. फेब्रुवारीत ये, तुला डोंगरात फिरवतो. पण आधी हिमस्खलनाचं सेफ्टी ट्रेनिंग कर. दिवाळीला घरी येईन तेव्हा मी स्वतः परीक्षा घेईन. नापास झालास तर नेणार नाही. डॉक्टरांनी तो मेसेज मला एका संध्याकाळी सात वेळा वाचून दाखवला.

त्या दिवसापासून माणूस पेटला. ऑनलाइन कोर्स झाला, वह्या भरल्या, आणि पार्सलने बीकन आलं. बीकन म्हणजे छातीवर पट्ट्याने बांधायची डबी. गाडल्या गेलेल्या माणसाची डबी सिग्नल पाठवते, शोधणाऱ्याची तो पकडते. डॉक्टर ती बांधून सुपरमार्केटमध्ये जात, दाढी करत, आणि गणपतीच्या पूजेलाही ती सोवळ्यावर चढवून बसले. ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणाली, "अहो, निदान नैवेद्यापुरतं तरी ते काढा."

"अंगावरून काढलं की संपलं," डॉक्टर पळीने पाणी सोडत म्हणाले. "लोक ते स्नोमोबाइलच्या डिकीत ठेवतात. मग गाडी सापडते आणि माणूस राहतो."

त्यांच्याकडे जेवायला जायचं तर जेवणाआधी शोधकार्य ठरलेलं. इथल्या रिवाजाप्रमाणे पाहुण्यांचे कोट वरच्या बेडरूममध्ये पलंगावर टाकलेले असतात. वीस माणसांच्या वीस जाड कोटांचा तो ढीग म्हणजे डॉक्टरांचा हिमालय. त्याच्या पोटात ते एक बीकन पुरत आणि दुसरं पाहुण्याच्या हातात देऊन घड्याळ लावत. "पहिली काही मिनिटंच महत्त्वाची. नंतर आपण फक्त प्रेत शोधतो," हे ते अशा उत्साहाने सांगत की पुढे मसालेभात घशाखाली उतरणं कठीण. एकदा मी मोठ्या ऐटीत सिग्नलचा माग काढत थेट कपाटापाशी पोचलो. खिशातल्या मोबाइलने डबीचं डोकं फिरवलं होतं. डॉक्टरांनी माझा गाडलेला माणूस सगळ्यांदेखत मृत घोषित केला आणि मला श्रीखंड शेवटी वाढलं.

पण खरी पंचाईत झाली ती घराजवळच्या पार्कात. तिथे गवताचा एक उंचवटा आहे. डॉक्टर त्यावर चाकं असलेली कचऱ्याची बिन आडवी पाडत. ही बिन म्हणजे अडकलेली स्नोमोबाइल, आणि तिच्याशेजारचा मी म्हणजे तिचा चालक. नियम असा, की उतारावर एका वेळी एकानेच जायचं. तो अडकला तरी कोणी वर जायचं नाही. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची, कारण दुसऱ्या गाडीच्या वजनानेच डोंगर सुटतो. हा नियम आपल्या माणसांच्या रक्तात नाही. मी "अडकलो" म्हटल्याबरोबर डॉक्टरांनी सरावाला जमवलेले मराठी मंडळाचे पाचही निवृत्त सभासद थर्मास घेऊन वर आले. एकाने बिन उचलली, एकाने माझी पाठ झटकली. डॉक्टर खालून कळवळून म्हणाले, "अहो, मेलात सगळे. आता चहा कसला पिताय?" महिनाभर त्यांनी आम्हाला नुसतं खाली उभं राहायला शिकवलं.

दिवाळीत मुलगा आला. पाडव्याच्या सकाळी आम्ही तिघं पार्कात. रात्रभर पाऊस पडून गवत निसरडं झालेलं. पुरलेलं बीकन डॉक्टरांनी असं झटपट शोधून काढलं की मुलानेही भुवया उंचावल्या. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आता फक्त अडकलेल्या गाडीचा प्रश्न उरला होता. मुलगा बिन ढकलत वर गेला, ती त्याने आडवी केली, आणि वळताना त्याचा पाय खरोखरच सटकला. गुडघा धरून तो "आई गं" म्हणत खाली बसला.

माझ्या शेजारी डॉक्टरांच्या हातातलं बर्फ उपसायचं फावडं पडल्याचा आवाज झाला. अडुसष्ट वर्षांचे डॉक्टर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, उतारावर धावत होते.

"बाबा, तू वर का आला?" मुलगा म्हणाला. "रूल काय आहे?"

"अडकलेल्याकडे जायचं नाही." डॉक्टर धापा टाकत त्याचा गुडघा चाचपत होते. "पाठ आहे रे मला. ह्यांना मीच शिकवलं. पण तू पडलास, आणि मला नाही खाली थांबता आलं. नापास कर."

मुलाने गुडघा सरळ करून पाहिला. "आय हॅव टू, बाबा. तिकडे असं केला तर आपण दोघे जाणार."

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. आवाज इतका लहान झाला होता की मला खालून जेमतेम ऐकू आला.

"डोंगर कॅन्सल. पण लेक फ्रोझन असतो, एकदम फ्लॅट. तिकडे चालवू. मी चालवतो, तू मागे बस."

डॉक्टरांनी मान हलवली. मग त्याच्या खांद्यावर हात टेकून ते उठले, आणि उठल्यावरही हात तिथेच राहिला. मला त्यांचा हेवा वाटला, आणि मनापासून वाईटही वाटलं. त्यांना तो डोंगर फार बघायचा होता. आता फेब्रुवारीत ते तो तळ्यावरून बघतील, लांबून, मुलाच्या पाठीआडून.